निवड समितीनं विरारच्या पुढे यावं

कसोटी संघ जाहीर झाला की आठ दिवस एकच वाद रंगतो. याला का घेतलं आणि त्याला का वगळलं? २०२५च्या मे महिन्यात इंग्लंड दौऱ्याचा संघ निघाला तेव्हा सरफराज खान हवा होता की करुण नायर, यावरून डहाणू लोकलच्या डब्यात पार विरारपर्यंत हमरीतुमरी चालायची. न्यूझीलंडनं २०२४ साली आपल्याच मैदानांवर आपल्याला ३-० असं हरवलं तेव्हा, आणि २०२५च्या नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेनं कोलकाता आणि गुवाहाटी या दोन्ही कसोटी जिंकल्या तेव्हाही लोकांनी निवड समितीच्या नावानं बोटं मोडली. अजित आगरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जाब विचारला जातो ते योग्यच आहे. पण हा सगळा वाद वीस-पंचवीस नावांभोवती फिरतो. ती नावं यादीपर्यंत कशी आली आणि कोणाची आलीच नाहीत, हे विचारायचं राहून जातं. पालघर तालुक्यातल्या आपण लोकांनी तरी ते विचारायला हवं, कारण आपल्यातलाच एक मुलगा त्या यादीपर्यंत पोहोचला आणि तो कसा पोहोचला हे आपल्याला ठाऊक आहे.

शार्दूल ठाकूर पालघरचा. घरची नारळाची वाडी, शाळा बोईसरची तारापूर विद्यामंदिर. या शाळेचा सामना बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलशी झाला आणि समोरच्या संघाचे प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या नजरेत हा मुलगा भरला. रोहित शर्माला घडवलं तेच हे लाड सर. मुलाला माझ्या शाळेत पाठवा, असं त्यांनी वडिलांना सांगितलं. घरच्यांची अडचण रास्त होती. अभ्यास कधी करणार, आणि रोज पालघर-बोरिवली जा-ये कशी करणार? तेव्हा लाड यांनी त्याला आपल्या घरीच ठेवून घेतलं. पुढे हॅरिस शील्डच्या सामन्यात त्यानं एका षटकात सहा षटकार मारले, २०१२ साली तो मुंबईकडून रणजी खेळला, २०१४-१५च्या मोसमात त्यानं ४८ बळी घेतले, २०१६ साली पुण्यातल्या रणजी अंतिम सामन्यात सौराष्ट्राचा दुसरा डाव पाच बळी घेऊन गुंडाळला. १२ ऑक्टोबर २०१८ या दिवशी हैदराबादला वेस्ट इंडिजविरुद्ध तो कसोटी खेळायला उतरला.

यातून लाड सरांचं घर वजा करून पाहा. त्या दिवशी तो सामना ठरला नसता, लाड दुसऱ्या मैदानावर असते किंवा त्यांच्या घरी जागा नसती, तर हाच मुलगा, हाच खांदा, हाच आउटस्विंगर बोईसर-पालघरच्या स्पर्धांमध्येच राहिला असता. एका माणसाच्या मोठ्या मनामुळे देशाला एक कसोटीपटू मिळाला. लाड यांना २०२२चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला तो त्यांच्या हक्काचाच होता. पण प्रशिक्षकाच्या घरातल्या पथारीवर देशाच्या क्रिकेटची भिस्त ठेवता येत नाही.

शार्दूलची एक गोष्ट आपल्याकडे आवडीनं सांगतात. २०१८ साली दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्याहून परतल्यावर तो अंधेरीला लोकलमध्ये चढला आणि पालघरला घरी आला. डब्यातली पोरं मोबाईलवर त्याचे फोटो शोधून चेहरा ताडून पाहत होती. साधेपणाचा दाखला म्हणून ही गोष्ट सांगतात आणि तो आहेच. मला मात्र ती ऐकताना दर वेळी हा मार्गच आठवतो. डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली ती २०१३च्या एप्रिलात, म्हणजे शार्दूल रणजी खेळायला लागल्यावर. विरारच्या पुढे आजही दोनच रूळ, चौपदरीकरणाचं काम चालू, आणि मेल-एक्स्प्रेसना वाट द्यायला लोकल मध्येच थांबते. माकुणसारच्या चौदा वर्षांच्या मुलाला सकाळी सातच्या नेटला आझाद मैदानावर उभं राहायचं तर त्यानं उठायचं कधी, हा हिशेब घरोघरी करून पाहावा. अंधारात कोणीतरी दुचाकीवरून त्याला सफाळे स्थानकावर सोडायचं. भाजीच्या पाट्या आणि मासळीच्या टोपल्यांच्या गर्दीत किटची बॅग पायांत धरून त्यानं उभं राहायचं. विरारला गाडी बदलताना तीच बॅग खांद्यावर घेऊन पळायचं. चर्चगेटला उतरेपर्यंत त्याचे दोन-अडीच तास गेलेले असतात आणि शेजारच्या नेटमधला शिवाजी पार्कचा मुलगा ताजातवाना झोपेतून उठून आलेला असतो. दोघांना चेंडू सारखेच मिळतात. मग दोघांतला चांगला कोण, हे ठरवायचं तरी कसं?

मुंबईच्या क्रिकेटनं गरिबाघरचं पोर कधी नाकारलं नाही, असं अभिमानानं म्हटलं जातं. एकनाथ सोलकर हे त्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण. वडील मरीन लाइन्सच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखायचे आणि कुटुंब त्या मैदानातल्याच झोपडीत राहायचं. विजय मर्चंट निवड समितीचे अध्यक्ष असताना, १९६९ साली सोलकर कसोटी खेळले. २७ कसोटींत त्यांनी ५३ झेल घेतले, त्यातले कितीतरी फलंदाजाच्या नाकासमोर, शॉर्ट लेगला. त्यांची गरिबी खरी होती, जिद्दही खरी होती. पण त्यांचं घर आणि खेळपट्टी यांच्यात रेल्वे नव्हती. मोठमोठे खेळाडू आणि जाणकार रोज त्यांच्या दारातच यायचे. मुंबईनं गरिबाला दार उघडं ठेवलं, पण लांबच्या मुलासाठी तेवढं केलं नाही. मुंबई क्रिकेट संघटनेची हद्द पश्चिम रेल्वेवर डहाणूपर्यंत आहे, हे तिनं आता अंमलात दाखवायला हवं.

अन्यायाची चर्चा निघाली की पद्माकर शिवलकरांचं नाव येतं आणि यायलाच हवं. प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेऊन हा डावखुरा फिरकी गोलंदाज कसोटी न खेळताच राहिला, कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी होते. अमोल मुझुमदारनं ११,१६७ धावा केल्या आणि त्यालाही कसोटीची टोपी मिळाली नाही. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यानं २०२५ साली भारतीय महिला संघाला विश्वचषक जिंकून दिला, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला भरून आलं. पण या दोघांचं देणं निदान धावफलकात लिहिलेलं आहे. त्यांना पाहिलं होतं, मोजलं होतं, तरीही घेतलं नाही, म्हणून आपण आजही भांडू शकतो. जो मुलगा चाचणीलाच पोहोचला नाही, त्याच्यासाठी भांडायला आपल्या हातात आकडाही नसतो. मला हा अन्याय जास्त मोठा वाटतो.

यावर उपाय नाही असं नाही. भारतीय क्रिकेटनं एकदा तो करून पाहिला आहे. २००२ साली बीसीसीआयनं लहान शहरांतले खेळाडू हेरण्यासाठी एक स्वतंत्र विभाग काढला आणि दिलीप वेंगसरकरांना त्याचं अध्यक्षपद दिलं. माजी खेळाडू गावोगावच्या सामन्यांना जाऊन बसायचे आणि वर अहवाल पाठवायचे. जमशेदपूरच्या एका सामन्यात प्रकाश पोद्दार यांनी एका यष्टिरक्षकाला पाहिलं. त्याचं वय नियमात बसत नव्हतं, तरी त्यांनी नाव कळवलं आणि वेंगसरकरांनी नियम बाजूला ठेवून ते पुढे नेलं. तो महेंद्रसिंग धोनी. इतकं फळ मिळूनही काही वर्षांतच मंडळातल्या सत्ताबदलात हा विभाग गुंडाळला गेला. त्यानंतर आयपीएलच्या फ्रँचायझींचे हेरणारे गावोगाव फिरू लागले, हे खरं. पण ते शोधतात तो वीस षटकांचा खेळाडू. दिवसाचं शेवटचं सत्र, जुना चेंडू आणि मार खाऊनही टप्पा न सोडणारा गोलंदाज शोधणं हे त्यांचं काम नाही. ते क्रिकेट मंडळाचं आणि राज्य संघटनांचं काम आहे.

आपल्या पट्ट्यात क्रिकेट कमी आहे का? भात कापून झालं की धसकटं काढून खाचरात खेळपट्टी तयार होते. केळवे, माहीम, सफाळे, बोईसर, कुठेही जा, शनिवार-रविवारी टेनिस चेंडूच्या स्पर्धा असतात, दिवे लावून रात्रीही चालतात. या खेळातून यॉर्कर येतो, धीमा चेंडू येतो, उंच फटका मारण्याची ताकद येते. तमिळनाडूच्या चिन्नप्पमपट्टी गावचा टी. नटराजन असाच टेनिस चेंडूवर वाढला. पण कसोटीचं शिक्षण लाल चेंडूशिवाय होत नाही. शिवण सरळ ठेवून चेंडू सोडणं टेनिस चेंडूवर शिकता येत नाही, त्याला शिवणच नसते. सिमेंटवर किंवा मॅटवर सीझन बॉलनं सराव केलेल्या मुलाची वेगळीच पंचाईत होते. तिथे चेंडू उसळतो, म्हणून त्याला आखूड टप्प्याची सवय लागते. चाचणीच्या दिवशी तो पहिल्यांदा टर्फवर येतो. चेंडू पुढे टाकायला हवा हे त्याला कळेपर्यंत त्याची पाळी संपते. त्यात पायात खिळ्यांचे बूट नसतात, उतरता पाय घसरतो, आणि वहीत शेरा पडतो की टप्पा नाही, दिशा नाही. मुलात खोट नसते, त्याला टर्फ मिळालेलं नसतं, एवढंच.

चाचण्यांच्या पद्धतीबद्दल माझं सगळ्यात मोठं म्हणणं इथेच आहे. हैदराबादच्या पहिल्या कसोटीत शार्दूलनं दहा चेंडू टाकले आणि जांघेचा स्नायू दुखावून तो मैदानाबाहेर गेला. त्या दहा चेंडूंवरून त्याचा निकाल लावला असता तर? पुढची कसोटी मिळायला त्याला सव्वादोन वर्षं लागली, तीही ब्रिस्बेनला निम्मा संघ जायबंदी झाला म्हणून. जानेवारी २०२१च्या त्या कसोटीत उतरलेल्या आपल्या पाच गोलंदाजांनी मिळून त्याआधी अवघ्या चार कसोटी खेळल्या होत्या. नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर तर तिथे नेटमध्ये चेंडू टाकायला थांबले होते. भारताचे सहा गडी १८६ धावांत बाद झाले असताना शार्दूल आणि वॉशिंग्टननं १२३ धावांची भागी केली. शार्दूलच्या ६७ धावा झाल्या, सामन्यात सात बळीही त्यानं घेतले, आणि गॅबावर आपण मालिका जिंकली. ते अकरा जण बैठकीत कोणी निवडले नसते. दुखापतींनी निवडले. म्हणजे क्षमता रांगेत उभीच होती, तिला वेळ मिळत नव्हता. वर्षभरानं जोहान्सबर्गला त्यानं ६१ धावांत सात बळी घेतले, तेव्हा हा फक्त कामचलाऊ अष्टपैलू आहे म्हणणाऱ्यांनाही मान तुकवावी लागली.

कसोटीपटूलाही जोखायला इतका काळ लागतो, आणि आपण चौदा-सोळा वर्षांच्या मुलाला नेटमध्ये पाच-दहा मिनिटं पाहून घरी पाठवतो. जवळच्या मुलाला पुढच्या आठवड्यात दुसऱ्या क्लबच्या नेटला, कांगा लीगला, कुठेतरी पुन्हा दिसायची संधी असते. माकुणसारच्या, आगरवाडीच्या मुलाला ती एकच सकाळ मिळते.

म्हणून मुंबई क्रिकेट संघटनेच्या वयोगट निवड समित्यांनी दर मोसमात आठवडाभर पालघर-बोईसरमध्ये येऊन राहावं. नेटऐवजी दोन-दोन दिवसांचे सामने खेळवावेत, लाल चेंडूनं, आणि प्रत्येक गोलंदाजाला दोन तरी हप्ते टाकायला द्यावेत, म्हणजे पहिल्या हप्त्यात मार खाल्लेला मुलगा दुसऱ्यात काय करतो ते कळेल. जी मुलं पुढे जातील त्यांच्या रेल्वे पासाचा आणि मोसमात मुंबईत राहण्याचा खर्च संघटनेनं उचलावा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतले कारखाने सामाजिक कामावर पैसा खर्च करतातच. त्यांनी मिळून चांगल्या मातीच्या दोन-तीन टर्फ खेळपट्ट्या, रोलर आणि जाणता माळी एवढी सोय वर्षभर चालवली तर तालुक्यातल्या सगळ्या शाळांना पुरेल. मुलींसाठी तर हे आणखी निकडीचं आहे. पहाटे चारच्या अंधारात मुलीला एकटीला गाडीत बसवायला आईवडील धजत नाहीत, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

आणि या चाचण्यांची सूचना महिनाभर आधी जिल्हा परिषदेच्या शाळांसकट प्रत्येक शाळेच्या फळ्यावर लागायला हवी. क्लबात नाव असलेल्या मुलांना चाचणीची तारीख कळतेच. ज्यांच्या घरात आजवर कोणी क्लबचं तोंड पाहिलेलं नाही, त्या मुलांना ती कळणं जास्त गरजेचं आहे.