रिसेटचं बटण आणि रात्रीचे नऊ

मराठी विभागासाठी काहीतरी दे, असं आमच्या विंगमधल्या सीनियरने सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. पहिलीपासून कॉन्व्हेंट. घरी मराठी बोलतो, पण निबंध शेवटचा लिहिला तो दहावीला. "मग पावसावर लिही, मैत्रीवर लिही, कुणीही लिहितं," ती म्हणाली. कुणीही लिहितं ना, मग त्यांनाच लिहू दे! मी रिसेटवर लिहिते. ऱ्हस्व-दीर्घ तिने बघावेत.

तर मित्रमैत्रिणींनो, तिसऱ्या वर्षाच्या मिनी प्रोजेक्टला आम्ही दोघांनी बॅटरी टेस्टर घेतला होता. लॅबच्या जुन्या यूपीएसमधून काढलेली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी. तिच्यावर ३३ ओहमचा जाडजूड रझिस्टर लावायचा, म्हणजे साधारण एक तृतीयांश अँपिअर करंट जातो, आणि ती किती तास टिकते ते मोजायचं. मोजणारा आर्डुइनो ऊनो, यूएसबीने लॅबच्या कॉम्प्युटरला जोडलेला. व्होल्टेज १०.५ वर आलं की ऊनोने रिले उघडून बॅटरी सोडवायची, कारण त्याखाली लेड-ॲसिड बॅटरी गेली की तिचं आयुष्य कमी होतं. नवी बॅटरी असती तर वीस तास. म्हणजे रात्र मध्ये येणारच.

आणि रात्रीच ते हँग झालं. १ वाजून ४० मिनिटांनंतर रीडिंग नाही. मी हॉस्टेलमधून कॉलेजच्या नेटवर्कवरून त्या कॉम्प्युटरवर लॉगिन करून बघत होते. स्क्रीन शांत. रिले मात्र चालू, कारण चालू ठेवून तो प्रोग्रॅम अडकला होता. लॅब आमच्या खिडकीतून दिसते! त्या बोर्डवर तांदळाएवढं बटण आहे, ते दाबलं की झालं. पण मुलींच्या हॉस्टेलचं गेट ९ ला बंद. पार्टनर शनिवार-रविवार घरी गेलेला. सकाळी सव्वानऊला लॅब उघडल्यावर मीटर लावला तर ८.९ व्होल्ट. बॅटरी मी मारली, असंच मला वाटलं.

मग मी शोधायला लागले की ते बटण कॉम्प्युटरवरून दाबता येतं का. येतं! आणि आपण सगळे ते दिवसातून पन्नास वेळा दाबतो, फक्त आपल्याला माहीत नसतं. प्रोग्रॅम अपलोड करताना बोर्ड आपोआप रिसेट होतो, तो याच वाटेने. सुरुवातीच्या आर्डुइनोला अपलोड करताना हाताने बटण दाबावं लागायचं. २००७ मध्ये डिएचिमिला नावाचा बोर्ड आला (इटालियनमध्ये 'दहा हजार'), त्यात ही सोय झाली. सीरिअल पोर्टला डीटीआर नावाची एक लाइन असते. मोडेमच्या जमान्यात कॉम्प्युटर तिच्यावरून मोडेमला "मी तयार आहे" असं सांगायचा. ऊनोवर तीच लाइन १०० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून रिसेट पिनला नेलेली आहे. पोर्ट उघडला की डीटीआर खाली जाते, कपॅसिटर फक्त तेवढा झटका पुढे देतो, रिसेट पिन क्षणभर खाली जाते आणि चिप पहिल्यापासून सुरू होते. मोडेम गेले, त्यांची तार अजून राबतेय.

म्हणजे करायचं एवढंच: ६० सेकंद रीडिंग आलं नाही तर पोर्ट बंद करून पुन्हा उघडायचा. पायथनमध्ये चार ओळी.

यात एक गोष्ट मला फार आवडली. ऊनोवर यूएसबी सांभाळणारी चिप वेगळी आणि आपला प्रोग्रॅम चालवणारी वेगळी. म्हणून आपली चिप पूर्ण बेशुद्ध असली तरी रिसेट पोचतो. शेजारच्या ग्रुपकडे लिओनार्डो होता. त्यात यूएसबीपण त्याच चिपमध्ये. तिथे १२०० बॉड स्पीडने पोर्ट उघडून बंद केला की रिसेट होतो, पण हा इशारा ऐकणारं सॉफ्टवेअर त्याच चिपवर जिवंत असायला हवं. प्रोग्रॅम इंटरप्ट बंद करून अडकला की तुम्ही बाराशे वेळा १२०० बॉड करा! बोर्ड विकत घेताना आपण किंमत आणि पिना मोजतो. हे कुणी बघत नाही.

असो. आमचा रिसेट काही रात्री चालला आणि काही रात्री नाही. लॉगमध्ये दिसायचं की बोर्ड सुरू झाला, "स्टार्ट" छापलं आणि पुन्हा गप्प. पोर्ट पुन्हा उघडला, "स्टार्ट", गप्प. म्हणजे रिसेट पोचत होता, पण बोर्ड त्याच ठिकाणी पुन्हा अडकत होता. दोन दिवस डोकं खाल्लं याने. शेवटी सरांनी स्कोप लावायला सांगितला. आमचा करंट सेन्सर आयटूसीवर होता आणि त्याने डेटा लाइन खाली धरून ठेवली होती. बोलता बोलता मधेच कनेक्शन तुटलं, आणि तो बिचारा उरलेल्या क्लॉकची वाट बघत बसलेला. रिसेट झाला तो ऊनो. सेन्सरला कुणी काही सांगितलंच नाही. त्याला रिसेट पिनच नाही.

उपाय दोन. एक, पॉवर काढायची. यूएसबी हबला पोर्टची पॉवर बंद करायचा हुकूम कॉम्प्युटरवरून देता येतो, लिनक्सवर त्यासाठी यूहबसीटीएल नावाचं छोटं टूल आहे. पण बरेच हब "हो, केली बंद" म्हणतात आणि लाइट आपला चालूच! मी मागून आणलेल्या तीन हबपैकी एकच खरं बोलत होता. दुसरा उपाय फुकटचा: सुरुवातीलाच क्लॉक लाइनवर नऊ पल्स द्यायचे, म्हणजे सेन्सर आपलं वाक्य पूर्ण करून लाइन सोडतो. आम्ही दोन्ही केलं. शिवाय आर्डुइनोच्या वायर लायब्ररीत आता टाइमआउट आहे, पण तो आपण चालू केला तरच.

"वॉचडॉग लाव ना सरळ," असं सगळे म्हणतात. लावला. ऊनोच्या चिपमध्ये तो जास्तीत जास्त ८ सेकंद वाट बघतो. पण मी तीन ग्रुपचे प्रोग्रॅम पाहिले, त्यातल्या एकाने वॉचडॉगला टायमर इंटरप्टमधून खाऊ घातलेला. मुख्य प्रोग्रॅम मेला तरी इंटरप्ट चालूच राहतो, कुत्रा जेवून झोपतो. हे म्हणजे हजेरी मित्राने लावल्यासारखं.

आता माझं खरं म्हणणं. रिसेट झाला की बोर्डची मेमरी कोरी होते. किती अँपिअर-अवर गेले तो आकडा शून्यावर येतो. पिना सुटतात, रिले उघडतो, डिस्चार्ज थांबतो. थांबलेली बॅटरी थोडी सावरते आणि व्होल्टेज वर येतं. म्हणजे मधे रिसेट झालेला ग्राफ आणि न झालेला ग्राफ एक नाहीत. आमच्या एका रनमध्ये ११ रिसेट होते. सगळं जोडून ग्राफ काढला तर छान गुळगुळीत दिसला. पार्टनर म्हणाला, रिपोर्टमध्ये रिसेटचं कशाला लिहायचं, व्हायवाला उगाच प्रश्न येतील. आमचं भांडण झालं, चांगलं मेसमध्ये सगळ्यांसमोर. मी हट्टाने तक्ता टाकला: वेळ, कारण, किती मिनिटं गेली. एक मार्क कमी आला असेल तर येवो. मला वाटतं प्रत्येक रिपोर्टमध्ये हा तक्ता मागितला पाहिजे, आणि मागायचं काम गाइड लोकांचं आहे. मुलं आपणहून देणार नाहीत, मीही पहिल्या रनचा दिला नव्हता.

१९९७ मध्ये पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं आणि त्याचा कॉम्प्युटर अधूनमधून आपोआप रिसेट व्हायला लागला. कमी महत्त्वाच्या कामाने जास्त महत्त्वाच्या कामाची वाट अडवली होती. रिसेटने यान वाचत होतं, पण दर वेळी त्या दिवसाचं उरलेलं काम दुसऱ्या दिवशीवर जायचं. इंजिनिअरांनी पृथ्वीवरच्या जोडबोर्डावर तोच घोटाळा पुन्हा घडवून कारण शोधलं आणि दुरुस्ती वर पाठवली. रिसेट होतोय ना, मग चालू दे, असं ते म्हणाले नाहीत.

आणि गेटबद्दल. हे सगळं ऐकून आमच्या रेक्टर मॅडम कौतुकाने म्हणाल्या, "बघ, आता रात्री बाहेर जायची गरजच नाही." मॅडम, गरज आहे. रझिस्टर तापून टेबल काळं पडायला लागलं तर ते नेटवर्कवरून दिसत नाही. वास येत नाही. कनेक्टर सैल झाला तर पोर्ट कितीही वेळा उघडा. मुलांच्या हॉस्टेलमधून रात्री ११ ला रजिस्टरवर सही करून लॅबमध्ये जाता येतं. वॉचमन काका चावी घेऊन बरोबर येतात. तेच रजिस्टर, तेच काका आमच्यासाठी का नाहीत? प्रोजेक्टच्या महिन्यापुरतं तरी करून बघा.

तूर्तास, सोमवारपासून आमची दुसरी बॅटरी लागतेय. खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर कागद चिकटवलाय. कृपया तो बंद करू नका, आणि त्याच्या हबमधून मोबाइल चार्ज करू नका. रात्री मी त्याची पॉवर कधीही काढते.