नोबेलची वाट पाहू नका

अमेरिकेतल्या आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात दोन पोस्टडॉक शेजारी बसले, की गप्पा फिरूनफिरून व्हिसावर येतात. मग एक वाक्य हमखास कानावर पडतं : "ओ-१ आपल्यासाठी नाही हो, तो नोबेलवाल्यांचा." हा समज चुकीचा तर आहेच, शिवाय महागात पडणारा आहे.

नियम नीट वाचा. ओ-१ए, म्हणजे असामान्य गुणवत्तेच्या ओ-१ व्हिसाचा संशोधकांना लागू होणारा प्रकार. त्यासाठी नोबेलसारखा मोठा पुरस्कार चालतो. तो नसेल तर आठ निकषांपैकी किमान तीन पुरे करावे लागतात. शोधनिबंध, इतरांच्या निबंधांचं परीक्षण आणि क्षेत्रात पडलेली मोलाची मूळ भर हे त्यांतलेच तीन. चांगलं काम केलेल्या पोस्टडॉककडे पहिले दोन बहुधा असतात. कस लागतो तो तिसऱ्यावर. त्यानंतरही अधिकारी सगळा पुरावा एकत्र तोलतोच.

एच-१बी ची ८५ हजारांची वार्षिक मर्यादा विद्यापीठांना लागू नाही, म्हणून तिथे असेपर्यंत आपण निर्धास्त असतो. कंपनीत जायचं ठरलं की लॉटरी समोर उभी राहते. त्यात २०२५च्या सप्टेंबरमधल्या घोषणेने देशाबाहेरच्या उमेदवारांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा भार टाकला. ओ-१ ला मर्यादा नाही, लॉटरीही नाही. जे-१ वर आलेल्यांपैकी ज्यांना दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट आहे, त्यांना ती पुरी किंवा माफ झाल्याशिवाय एच-१बी मिळत नाही. ओ-१ मात्र मिळू शकतो. फक्त व्हिसाचा शिक्का बाहेर जाऊन वकिलातीतून आणावा लागतो.

ओ-१ मध्ये खोट नाही असं नाही. अर्ज स्वतः करता येत नाही, मालक किंवा एजंट लागतो. जोडीदाराला ओ-३ वर नोकरी करता येत नाही. दोघंही संशोधक असलेल्या घरात हा मुद्दा किरकोळ नाही. आणि ओ-१ म्हणजे ग्रीन कार्ड नव्हे.

ग्रीन कार्डासाठी स्वतःच्या नावाने अर्ज करायचे दोन रस्ते आहेत : ईबी-१ए आणि नॅशनल इंटरेस्ट वेव्हर. दुसरा ईबी-२ मध्ये मोडतो आणि भारतात जन्मलेल्यांची तिथली रांग दहा वर्षांहून जुनी आहे. "मग करून काय उपयोग?" असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर : प्रायॉरिटी डेटसाठी, म्हणजे रांगेतली आपली जागा ठरवणाऱ्या तारखेसाठी करा. वेव्हरचा अर्ज मंजूर झाला, की त्याची तारीख पुढे ईबी-१ए मंजूर झाल्यावर तिकडे नेता येते, आणि तिथली रांग बरीच आखूड आहे. आज भरलेला अर्ज पुढची काही वर्षं वाचवू शकतो. बायको किंवा नवरा भारताबाहेर जन्मलेला असेल, तर त्या देशाच्या रांगेतही उभं राहता येतं, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं.

अर्ज पडतो तो बहुतेकदा पत्रांवर. "अत्यंत हुशार, कष्टाळू आणि मनमिळाऊ" असं गाइडने लिहिलेलं पत्र लग्नाच्या स्थळासाठी ठीक आहे. "यांची पद्धत आल्यावर आम्ही आमची जुनी चाचणी बंद केली," असं ज्याच्याशी तुमचा कधी संबंध आला नाही अशा शास्त्रज्ञाने लिहिलं, तर त्या एका वाक्याला वजन येतं. अशी माणसं ऐन वेळी सापडत नाहीत. परीक्षणाबद्दल संपादकाने पाठवलेली आभाराची ईमेल, परिषदेचं निमंत्रण, तुमचं काम कुणी कशासाठी वापरलं याची नोंद : पहिल्या दिवसापासून एका फोल्डरमध्ये टाकत जा.

याच्या उलट टोकाला सध्या नवं दुकान थाटलं गेलंय : पैसे मोजा, पुरस्कार घ्या, 'परीक्षक' व्हा, निबंधावर नाव लावून घ्या. त्यापासून चार हात लांब राहा. लबाडी सिद्ध झाली, तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. शिवाय अशा अर्जांमुळे प्रामाणिक अर्जाकडेही संशयाने पाहिलं जातं.

वकील हवाच, पण आपल्या कामाची किंमत त्याला आपणच समजावून द्यावी लागते. म्हणून मंडळाला एक सुचवतो. वर्षातून एक दुपार ज्यांचे अर्ज मंजूर झाले त्यांनी, आणि ज्यांचे फेटाळले गेले त्यांनीही, नावं खोडून आपली कागदपत्रं नव्या मुलामुलींपुढे ठेवावीत. फेटाळलेल्या अर्जाचं कारण वाचून जे कळतं, ते ऐकीव सल्ल्याने कधीच कळत नाही.