उसाचे बिल, घरची वही आणि शेकडा तीनचे व्याज



शेतकी खात्याच्या आम्हा मंडळींनी या पानावर आजवर लागण, बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयीच लिहिले. यावेळी विषय थोडा घरात शिरणारा आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. पण गटात फिरताना एक गोष्ट वारंवार नजरेस येते. एकरी चार-पाच टन वाढले म्हणून सभासद खूश असतो आणि बिल निघाल्यावर महिनाभरात त्याच्या खिशात दमडी नसते. टन वाढवा म्हणून सांगायचे आणि वाढलेले टन जातात कुठे ते पाहायचे नाही, हे आम्हाला पटत नाही.

आपला पवनी भाग मूळचा धानाचा. गोसे खुर्दच्या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. पाण्याची आशा वाढली तशा मोटारी, पाइपलाइनी आल्या आणि त्यांच्या मागोमाग कर्जही आले. धानाचे चुकारे दिवाळीनंतर, उसाचे बिल गाळप हंगामात. म्हणजे पैसा येतो वर्षातून दोनदा आणि खर्च असतो रोजचा. मधल्या काळात घर चालते ते उधारीवर. या उधारीचा हिशेब कोणी मांडत नाही, म्हणून ती लहान वाटते.

ही गोष्ट आजची नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने लुटली आणि त्यांच्याकडली खतपत्रे जाळली. तो बंडावा आसपासच्या गावांत पसरला. सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले. शेतकरी कर्जात बुडतो तो लग्नकार्यातल्या उधळपट्टीने, अशी तेव्हाच्या शहाण्यासुरत्यांची समजूत होती. आजही भाषणांतून तीच ऐकू येते. कमिशनने मात्र वेगळेच सांगितले. लग्नाच्या खर्चाला वाजवीपेक्षा जास्त दोष दिला जातो. खाण्यापिण्यासाठी, बियाण्यासाठी, बैलांसाठी, सरकारी साऱ्यासाठी पुन्हा पुन्हा घेतलेल्या लहान लहान रकमा कर्ज अधिक फुगवतात, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला, १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, आणि त्याच वाटेने पुढे आपल्यासारखे कारखाने उभे राहिले. इतकी वर्षे लोटली तरी लहान रकमांचे ते निदान आमच्या मते अजून खरे आहे.

आता पवनीकडच्या एका जोडप्याचा हिशेब मांडतो. नावगाव सांगत नाही, आकडेही सोयीसाठी गोल केले आहेत. तीन एकर जमीन, निम्म्यात ऊस, निम्म्यात धान. दोन म्हशी. सोसायटीचे पीककर्ज रु. ८०,०००. मोटार जळाली तेव्हा गावातून हाती घेतलेले रु. ६०,०००, शेकडा तीनने. बाईच्या नावावर फायनान्सचे कर्ज, त्याचा दर आठवड्याला हप्ता. आणि किराणा दुकानात चौदा हजारांची उधारी. ऊस नोंदीसाठी गेलो असता गृहस्थ म्हणाले, "साहेब, काटकसर करायचं ठरवलंय. घरी ठेवतो ते अर्धा लिटर दूधबी आता डेरीतच घालतो."

आत चुलीपाशी बसलेली बाई तिथूनच बोलली, "साहेबायले खर्ऱ्याचंबी सांगा ना."

आम्ही वही मागितली. वही नव्हतीच, तेव्हा मुलाच्या शाळेच्या वहीचे मागचे पान फाडून घेतले. खर्रा दिवसाला दोन, तीस रुपयांचा एक. म्हणजे महिन्याला अठराशे. साठ हजारांवर शेकडा तीनने महिन्याचे व्याज किती? तेही अठराशेच. गृहस्थ बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे पाहत राहिले. आम्हीही काही बोललो नाही.

गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ सालीच बंदी आली, तरी पानठेल्यावर खर्रा घोटणे काही थांबलेले नाही. त्याने तोंडाचे काय होते ते डॉक्टर सांगतील. आमचा मुद्दा पैशाचा आहे. घरखर्च कमी करायचा म्हटले की कात्री आधी कुठे लागते ते पाहा. लेकरांचे दूध, पोरीचा शिकवणी वर्ग, बाईचे लुगडे, म्हातारीचे औषध. पुरुषाच्या खिशातून जाणारा पैसा हिशेबातच धरला जात नाही, कारण तो दहा-वीस-तीसने जातो आणि घराबाहेर जातो. आमचे स्पष्ट मत आहे की कात्री उंबऱ्याबाहेरच्या खर्चापासून चालवावी. खर्रा, ठेल्यावरचा चहा, काम नसताना पवनीची फेरी आणि तिचे पेट्रोल. ताटातले शेवटी, आणि लेकराच्या ताटातले कधीच नाही.

त्या घरी दोघांनी बसून ठरवले की खर्रा दोनाचा एक, आणि पवनीची कामे साठवून आठवड्यातून एकच फेरी. बाराशेच्या आसपास सुटले. त्यातले दोनशे आडवेळेसाठी डब्यात ठेवले. उरले हजार. आता कोणी म्हणेल, हजार रुपयांनी काय डोंगर हलणार? गणित करून पाहू. दूध आणि मजुरीतून हे जोडपे सावकाराला महिन्याला तीन हजार देऊ शकत होते. शेकडा तीनच्या दराने साठ हजार फिटायला एकतीस महिने लागतात, आणि एकूण त्र्याण्णव हजार जातात. तेच चार हजार दिले तर वीस महिन्यांत फिटते, एकविसाव्या महिन्याला किरकोळ बाकी उरते, आणि एकूण सुमारे एक्याऐंशी हजार जातात. महिन्याला एक हजार वाढवल्याने जवळजवळ अकरा महिने आणि बारा हजार रुपये वाचले. दिलेल्या तीन हजारांतले अठराशे पहिल्या महिन्यात व्याजच खाते, मुद्दल हलते ते बाराशेनेच. वरचे हजार मात्र सगळेच्या सगळे मुद्दलात जातात, म्हणून त्यांची ताकद मोठी.

यात उसाचे बिल जोडा. कपात होऊन हाती आलेल्या रकमेतले पंचवीस हजार त्याच आठवड्यात सावकाराला दिले, तर बाकी राहते पस्तीस हजार आणि महिन्याचे व्याज अठराशेवरून एक हजार पन्नासवर येते. मग महिना चार हजारांनी दहा-साडेदहा महिन्यांत कर्ज संपते. हे पंचवीस हजार बिल जमा झाल्यावर लगेच द्यायला हवेत. पंधरा दिवस घरात राहिले तर ते राहत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

कोणते कर्ज आधी फेडायचे, यात आपली मंडळी हमखास चुकतात. जो दारात येऊन ओरडतो त्याला आधी देतात. द्यायला हवे दर पाहून. अपवाद एकच, सोसायटीचे पीककर्ज. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला २०२१-२२ पासून शून्य टक्क्याने पडते. मुदत चुकली की ही सवलत गेली. तेव्हा ती तारीख भिंतीवर लिहून ठेवा. मात्र नवे-जुने करण्यासाठी आठ-पंधरा दिवसांचे पैसे सावकाराकडून उचलायचे आणि शून्य टक्क्याचे कर्ज असे महाग करून घ्यायचे, हा प्रकार आमच्या पाहण्यात फार आहे. त्यापेक्षा धानाच्या चुकाऱ्यातला वाटा त्यासाठी बाजूला काढून ठेवलेला बरा.

सोसायटीचे सांभाळले की सगळा जोर शेकडा तीनवर. सावकार परवानाधारक असेल तर महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम, २०१४ खाली शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि बिनतारणी कर्जावर १२ टक्के यापेक्षा जास्त व्याज त्याला घेता येत नाही. शेकडा तीन महिन्याला म्हणजे वर्षाचे छत्तीस टक्के होतात. शिवाय मुद्दलापेक्षा जास्त व्याज घ्यायचे नाही, हा दामदुपटीचा जुना नियम आजही कायद्यात आहे. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. गावात राहून तक्रार करणे किती अवघड असते, हे आम्ही जाणतो. निदान दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागा, आणि ती मिळत नसेल तर दोन माणसांदेखत द्या आणि वहीत तारखेनिशी लिहा. बाईच्या बचत गटातून शेकडा एकने पैसे मिळत असतील तर ते घेऊन सावकाराचे तोडावे. साठ हजारांचे व्याज अठराशेचे सहाशेवर येते. फक्त मोकळा झालेला सावकार पुन्हा गाठायचा नाही.

फायनान्सच्या आठवडी हप्त्यांबद्दल दोन गोष्टी माहीत असाव्यात. रिझर्व्ह बँकेचे १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेले नियम असे की घराच्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, आणि असे सूक्ष्म कर्ज मुदतीआधी फेडले तर दंड लावता येत नाही. हप्ता घ्यायला येणारा माणूस ही दुसरी गोष्ट स्वतःहून सांगेलच असे नाही.

किराण्याच्या उधारीला व्याज नाही, असे दुकानदार सांगतो. खोटे नाही, पण ते व्याज मालाच्या भावात असते. रोखीने घेणाऱ्याला तेलाचा पिंप कितीला पडतो आणि उधारीवाल्याला कितीला, हे एकदा विचारून पाहा. जुनी उधारी एका दमात फिटणार नाही. ती थोडी थोडी फेडा, पण नवा माल रोखीनेच घ्या.

आता आमच्या खात्याचे थोडे. काटकसरीच्या भरात उसावर कात्री चालवू नका. मोठ्या बांधणीचा खताचा हप्ता चुकवून सावकाराला दोन हजार जास्त दिले, तर ते पुढच्या बिलात दामदुपटीने वजा होतात. बेणे निवडून घेणे आणि बेणेप्रक्रिया यांतही वाचवण्यासारखे काही नाही. वाचवायचेच असेल तर खोडवा नीट ठेवा. पूर्वमशागत, बेणे आणि लागण हे तिन्ही खर्च त्यात टळतात. पाचट जाळण्याऐवजी सरीत ठेवले तर पाणी आणि निंदणही कमी लागते.

काही सभासद म्हणतील, आम्हाला चहा-खर्रा मोजायला लावता, मग भावाचे काय? प्रश्न रास्त आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला रु. ३५५ असा रास्त व किफायतशीर दर ठरवला. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज देणे लागते. आम्ही कारखान्याचे नोकर असूनही हे लिहितो, कारण शेकडा तीनवर बसलेल्या सभासदाला बिलाचा प्रत्येक दिवस महाग पडतो. वार्षिक सभेत हे जरूर विचारावे. कर्जमाफीही आली, २०१७ साली आली, २०१९ साली पुन्हा आली, आणि ज्यांना मिळाली त्यांना खरोखर आधार झाला. पण किराण्याची उधारी, फायनान्सचा हप्ता आणि हातउसने त्यात बसले नाहीत. भाव, माफी आणि बिलाची तारीख या गोष्टी दुसऱ्यांच्या हाती आहेत. दोघांनी मिळून मांडायचा हिशेब तेवढा आपल्या हाती आहे.

मंडई, पोळा, लेकीबाळींचे येणे-जाणे बंद करा असे आम्ही म्हणणार नाही. दिवाळीनंतर मंडईला पाहुणे आले नाहीत आणि रात्री नाटक पाहिले नाही, तर झाडीपट्टीतल्या माणसाचे वर्ष सरत नाही. फक्त तो खर्च आधी ठरवून डब्यात वेगळा ठेवावा, म्हणजे पाहुणे गेल्यावर दुकानदाराची वही उघडावी लागत नाही. लग्नाचेही तेच. एका लग्नाने घर बुडते ते क्वचित. लग्नासाठी शेकडा तीनने काढलेले पैसे पाच वर्षे चालत राहिले, तर मात्र बुडते.

शेवटी एक विनंती. या वर्षी ऊस नोंदीला आमचा माणूस आला की नोंदीच्या कागदाबरोबर आपली कर्जाची वहीही काढावी. देणे कोणाचे, मुद्दल किती, दर काय, तारीख कोणती, एवढे चार रकाने पुरे. हिशेब करायला आमचे गट ऑफिस दर बुधवारी दुपारी मोकळे ठेवू. येताना नवरा-बायको दोघांनीही यावे. एकट्या गृहस्थाने आणलेल्या वहीत खर्ऱ्याचा रकाना नसतो, असा आमचा अनुभव आहे.

ऊस विकास अधिकारी