मग पाहूं!

दिवाळीच्या फराळाइतकाच आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून अलीकडे नित्याचा झालेला एक पदार्थ म्हणजे "ह्या सुटींत कोणता चित्रपट पाहावयाचा" ही चर्चा होय. चर्चेस आमचा मुळींच विरोध नाहीं. चार माणसें एकत्र बसून कलाकृतीविषयीं बोलूं लागलीं, तर त्याचा आनंद आम्हांस नाहीं तर कोणास व्हावा? आमची तक्रार निराळी आहे. ही चर्चा ज्या वाटेनें चालते त्या वाटेवर कलाकृतीची कोठें भेटच होत नाहीं, आणि शेवटीं सर्व घराच्या वतीनें कोणी तरी वडीलधारा जो निर्णय देतो तो दोन शब्दांचा असतो: "मग पाहूं!" ह्या दोन शब्दांनीं मराठी चित्रपटाचें जितकें नुकसान केलें आहे तितकें कोणत्याही हिंदी नटाच्या लोकप्रियतेनें केलेलें नाहीं, असें आम्ही जाणूनबुजून म्हणतों.

२०२५ सालच्या भाऊबिजेस आम्ही हुपरी येथें एका स्नेह्यांच्या घरीं होतों. हुपरी हें कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यांतील चांदीचें गांव. देशाच्या कानाकोपऱ्यांतील लेकीसुनांच्या पायांत जे पैंजण रुणझुणतात, त्यांतील किती तरी ह्या गांवांत व आसपासच्या खेड्यांत, घराघरांतून घडतात. येथें कारखाना आणि माजघर ह्यांच्यामध्यें भिंत अशी नसतेच. कोणी चांदी आटवितो, कोणी तार ओढतो, आणि घरच्या बायका कड्या जुळवितात, घुंगरूं बसवितात. इतरांची दिवाळी धनत्रयोदशीस सुरू होते. हुपरीकरांची महिना-दीड महिन्याची धांदल तेव्हां कोठें संपत असते, कारण त्या दिवशीं गांवोगांवच्या सराफांच्या काचेंत जो माल मांडावयाचा तो त्यांना आधींच पुरा करून द्यावा लागतो. सांगावयाचें तें इतकेंच कीं, त्या दिवशीं त्या ओसरीवर जमलेलीं माणसें खरोखरीच थकलेलीं होतीं, आणि तीन तास कोठें तरी अंधारांत सुखानें बसावें हा त्यांचा हक्क होता.

चित्रपटाचा विषय निघाला. दोनच दिवसांपूर्वीं, २१ ऑक्टोबरला, 'थामा' हा हिंदी आणि 'प्रेमाची गोष्ट २' हा मराठी चित्रपट प्रदर्शित झाले होते. घरांतील तरुण मंडळींना त्यांविषयीं पुष्कळ ठाऊक होतें. कोणास किती पडदे मिळाले, कोणीं पहिल्या दिवशीं किती रक्कम गोळा केली, अमक्या नटाचा मागचा आकडा काय होता आणि ह्या खेपेस तो शंभर कोटींची वेस ओलांडील कीं नाहीं, हें सारें त्यांच्या जिभेवर होतें. एक पदवीधर चिरंजीव तर एखाद्या पेढीवरच्या मुनिमासारखे मोबाइलकडे पाहून आकडे वाचून दाखवीत होते. अर्धा तास हें ऐकून घेतल्यावर, कोपऱ्यांत वाती वळीत बसलेल्या त्यांच्या आत्तींनीं विचारलें, "आरं, पर गोष्ट कशाची हाय त्यात?"

ओसरी गप्प झाली. कोणासच तें सांगतां येईना. चिरंजीवांनीं कांहींसा आरंभ केला आणि मध्येंच सोडून दिला. तेव्हां यजमानांचे धाकटे बंधु, जे पेशानें शिक्षक आहेत, समारोपादाखल म्हणाले, "लोकांचं मत येऊं दे आधीं. मग पाहूं." सभा बरखास्त झाली.

आम्हांस विलक्षण वाटलें तें हें कीं, ज्या गांवांत चांदीचा तुकडा हातीं आला म्हणजे पहिला प्रश्न त्याच्या टंचाचा, शुद्धतेचा असतो, जेथें विकणाऱ्यानें कितीही मोठी पाटी लावली तरी कस पाहिल्यावांचून कोणी गुंजभर माल घेणार नाहीं, त्याच गांवांत चित्रपटाची परीक्षा गिऱ्हाइकांच्या रांगेवरून व्हावी! दुकानापुढें गर्दी आहे एवढ्यावरून मालाचा टंच ठरविणारा कारागीर हुपरींत एक दिवस टिकणार नाहीं. हुपरीस दोष देण्याचें मात्र आमच्या मनांत नाहीं. पुणें, मुंबई, नागपूर येथील ज्या दिवाणखान्यांतून असलीं मासिकें वाचलीं जातात तेथेंही हीच सभा ह्याच ठरावानें संपते. फरक इतकाच कीं, आत्तींचा प्रश्न विचारणारें तेथें बहुधा कोणी नसतें.

ज्या आकड्यावर एवढी भिस्त ठेवावयाची, तो पहिल्या दिवसाचा आकडा म्हणजे नक्की काय? त्या दिवशीं जे आंत गेले त्यांनीं चित्रपट पाहिलेला नव्हता. ते जाहिरात पाहून गेले होते. तेव्हां तो आकडा जाहिरातीचा टंच सांगतो, चित्रपटाचा नव्हे. २०१८ सालच्या दिवाळींत, ८ नोव्हेंबरला, 'ठग्स ऑफ हिंदोस्तान' आला. अमिताभ बच्चन आणि आमिर खान प्रथमच एकत्र आलेले. पहिल्या दिवशीं ५० कोटींहून अधिक रुपये जमले, आणि आठवडा उलटतो न उलटतो तोंच खुर्च्या ओस पडूं लागल्या. त्याच दिवशीं 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर' हा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला होता. त्याला पुरेसे खेळ मिळावे म्हणून आरडाओरड करावी लागली. पण चालविला तो प्रेक्षकांनींच, एकमेकांस सांगून.

दर वेळीं असें घडत नाहीं, आणि न घडण्याचें कारण शोधावयास फार लांब जावें लागत नाहीं. २०२३ सालच्या धनत्रयोदशीस, १० नोव्हेंबरला, एकाच दिवशीं दोन मराठी चित्रपट आले: सुधाकर रेड्डी यक्कंटी ह्यांचा 'नाळ २' आणि सुजय डहाके ह्यांचा 'श्यामची आई'. पहिला लहानग्यांच्या जगाचा. दुसरा साने गुरुजींच्या ज्या पुस्तकावर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या रडल्या त्या पुस्तकावरचा, आणि तोही कृष्णधवल. दोनच दिवसांनीं, ऐन लक्ष्मीपूजनाच्या रविवारीं, सलमान खान ह्यांचा 'टायगर ३' आला. आम्हीं स्वतः काय केलें तें सांगतों. 'श्यामची आई' अत्र्यांनीं १९५३ सालींच केलेली आहे, पुन्हा ती कशाला, असा शेरा आम्हीं न पाहतांच मारला. 'नाळ २' मुलांना घेऊन सावकाश पाहूं, असें ठरविलें. पाहुणे गेले, फराळाचे डबे रिकामे झाले, आणि आम्ही निघालों तेव्हां आमच्या नजीकच्या चित्रगृहांत 'नाळ २'चा एकच खेळ उरला होता, तोही कामाच्या दिवशीं भर दुपारचा. 'श्यामची आई' तर गेलीच होती. पुढें १ ऑगस्ट २०२५ रोजीं ७१ वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले. सर्वोत्कृष्ट बालचित्रपट 'नाळ २', सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट 'श्यामची आई'. त्या सायंकाळीं आमच्या परिचयाच्या किती तरी घरांतून अभिमानाचे संदेश इकडून तिकडे गेले. ज्यांना ज्यांना आम्हीं विचारलें त्यांतील एकानेंही हे चित्रपट चित्रगृहांत पाहिलेले नव्हते. आमचें घर त्यांत धरून.

येथें एक भेद केला पाहिजे. त्या धनत्रयोदशीस हुपरीचा कारागीर मान वर करण्याच्या स्थितींत नव्हता; शिवाय त्याला चित्रपटासाठीं इचलकरंजी किंवा त्याहून दूर कोल्हापूर गांठावयाचें असतें. त्याचें "मग पाहूं" खरें होतें. आमचें खरें नव्हतें. आम्ही सुटी घेऊन आरामखुर्चींत पडलों होतों. त्याला उसंत मिळेपर्यंत चित्रपट टिकवून धरणें आमच्यासारख्यांच्या हातीं होतें, आणि तें आम्हीं केलें नाहीं.

चित्रगृहाचा मालक मराठीचा वैरी आहे म्हणून असें होतें, हा समज फार सोयीचा आहे. पण तो खोटा आहे. २००९ सालीं हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले ह्यांचा दोन महिने चाललेला तंटा मिटला तेव्हां ठरलेली वांटणी अशी होती: पहिल्या आठवड्यांत निर्मात्याच्या बाजूस ५० टक्के, दुसऱ्यांत ४२.५, तिसऱ्यांत ३७.५ आणि पुढें ३०. म्हणजे चित्रपट जसजसा जुना होतो तसतसा चित्रगृहाचा वांटा वाढत जातो. अशा मालकास चालता चित्रपट काढून टाकण्याची हौस कां असावी? तो काढतो, कारण रिकाम्या खुर्चीचे कितीही टक्के केले तरी उत्तर शून्यच येतें. शुक्रवार ते रविवार तो खुर्च्या मोजतो, सोमवारपासून खेळ छाटतो, आणि पुढल्या शुक्रवारीं नवा फलक चढवितो. "लोकांचं मत येऊं दे" म्हणून घरीं बसणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, त्या तीन दिवसांत आपण घरीं बसलों, हेंच आपलें मत म्हणून तेथें मोजलें गेलेलें असतें.

पूर्वीं मत बनण्यास सवड मिळत असे. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ सालीं मुंबईच्या सेंट्रल सिनेमांत लागला तो ५७ आठवडे तेथून हलला नाहीं. ज्याला पहिल्या महिन्यांत जमलें नाहीं तो दहाव्या महिन्यांत गेला. ती सवड संपली, पण सवय तीच राहिली. आणि खरें पाहतां कोल्हापुरांत ज्यांनीं हा व्यवसाय उभा केला त्यांनीं तरी लोकमताची वाट कोठें पाहिली? तानीबाई कागलकर ह्यांनीं बाबूराव पेंटर ह्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीस पैसा दिला तेव्हां १९२० सालीं पडद्यावर आलेली 'सैरंध्री' कोणाच्या स्वप्नांतही नव्हती. १ जून १९२९ रोजीं प्रभात कंपनी निघाली तेव्हां दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर ह्या चौघांच्या पाठीशीं द्रव्य घेऊन उभे राहिले ते सीतारामपंत कुलकर्णी, पेशानें सराफ! कस लावल्याशिवाय पैसा सोडावयाचा नाहीं हाच ज्याचा धर्म, त्यानें अजून न घडलेल्या वस्तूवर पैसा लावला, कारण घडविणारे हात त्याच्या पाहण्यांतले होते. आम्हांपाशीं कोणी भांडवल मागत नाहीं. एका तिकिटाचा धोका पत्करा, एवढेंच मागणें आहे.

इतकें वाचून कोणी म्हणेल, म्हणजे मराठी चित्रपट केवळ मराठी म्हणून पाहावा, असेंच ना? मुळींच नाहीं. "आपल्या माणसांना आधार द्या" असा जो जोगवा दर दिवाळीस मागितला जातो त्याची आम्हांस शिसारी आहे. आधार म्हणून गेलेला प्रेक्षक बाहेर येऊन खरें बोलत नाहीं, आणि खरें न बोलणारा प्रेक्षक कलेच्या काय कामाचा? कायद्यानेंही तें साधत नाहीं. एप्रिल २०१५ मध्यें महाराष्ट्र शासनानें मल्टिप्लेक्सांवर सायंकाळच्या मोक्याच्या वेळीं मराठी चित्रपट दाखविण्याचें बंधन घातलें. गदारोळ झाला, आणि ती वेळ दुपारीं १२ ते रात्रीं ९ अशी सैल करण्यांत आली. शासन घड्याळ हलवूं शकतें, खुर्चींत माणूस आणून बसवूं शकत नाहीं. त्याच वर्षीं पाडव्यास, १२ नोव्हेंबरला, 'कट्यार काळजात घुसली' आणि 'मुंबई-पुणे-मुंबई २' हे दोन मराठी चित्रपट 'प्रेम रतन धन पायो'च्या समोर एकाच दिवशीं उभे राहिले, आणि दोन्ही चालले. 'कट्यार' तर १९६७ सालच्या नाटकावरचा, रागदारीनें भरलेला. आजच्या तरुणांस तो रुचेल असें कोणत्या मुनिमानें सांगितलें असतें? पहिल्या दिवसांत जे गेले ते गुणगुणत बाहेर आले आणि शेजाऱ्यास हाताला धरून पुन्हा घेऊन गेले, एवढेंच त्याचें रहस्य.

हिंदीशीं आमचें वैर नाहीं, हेंही सांगून टाकतों. 'थामा' पाहावासा वाटला तर खुशाल पाहावा. पण पाहावासा वाटला म्हणून पाहावा. त्यानें किती कोटी मिळविले म्हणून नव्हे.

राहतां राहिली खर्चाची गोष्ट. तिकिटें महाग झालीं आहेत, आणि चौघांचें कुटुंब मध्यंतरांत मक्याच्या लाह्या घेऊन परत खुर्चींवर बसेपर्यंत हजार रुपये कोठें उडाले तें कळत नाहीं. मध्यमवर्गानें अशा वेळीं हात आंखडता घ्यावा ह्यांत आम्हांस नवल वाटत नाहीं. म्हणून आमचें म्हणणें सुटींतील सगळे चित्रपट पाहा असें नाहींच. एकच निवडा, पण कथा कशाची, केली कोणीं, त्यांचें पूर्वींचें काम कसें होतें, हें विचारून निवडा, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत पाहून या. आणि तो वाईट निघाला तर? तर घरीं येऊन तो वाईट कां, हें मोकळ्या तोंडानें सांगावें. लाडू फसला तर पाक कोठें चुकला ह्यावर आपल्या घरांतून तासभर बोलणें होतें. चित्रपट फसला तर "पैसे फुकट गेले" ह्यापलीकडे वाक्य जात नाहीं.

हुपरीच्या त्या ओसरीवर सभा बरखास्त झाली असें वर म्हटलें तें सर्वस्वीं खरें नव्हे. वातींचें ताट बाजूस सारून आत्ती उठल्या आणि म्हणाल्या, "चला, मला तरी न्या. बघून येतो आन् मीच सांगतो गोष्ट." त्यांना इचलकरंजीस न्यावयास ज्यांनीं मोटारसायकल काढली ते आकडेवाले चिरंजीवच. कोणत्या चित्रपटास गेलीं तें येथें मुद्दाम सांगत नाहीं, कारण रात्रीं परतल्यावर आत्तींचें मत कांहीं चांगलें नव्हतें. कोणता प्रसंग विनाकारण ताणला, कोण कशाला रडलें, आणि शेवट आधींच कसा ओळखूं आला, हें त्यांनीं पाय पसरून सावकाश सांगितलें. चिरंजीवांना तो शेवट आवडला होता; ते मध्येंच हटकूं लागले. आम्ही उठलों तेव्हां साडेअकरा वाजले होते आणि वाद अजून चालूच होता.