राखीव गड्याचा मान

अमेरिकी फुटबॉलमध्ये उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ लेफ्ट टॅकलच्या भरवशावर असते. ऑक्टोबर २०१७मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सचा मुरलेला टॅकल जेसन पीटर्स गुडघ्याच्या दुखापतीने हंगामाबाहेर गेला. त्याच्या जागी उभा राहिला हालापूलिवाती वायताई, आदल्याच वर्षी ड्राफ्टच्या (खेळाडू-निवडीच्या) पाचव्या फेरीत निवडलेला राखीव गडी. ४ फेब्रुवारी २०१८च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या सामन्यात, प्रतिस्पर्धी पेट्रियट्सना ईगल्सचा क्वार्टरबॅक निक फोल्स याला चेंडू हातात असताना एकदाही पाडता आले नाही. ईगल्स ४१-३३ जिंकले. फोल्सही मुळात राखीवच; सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला, आणि ते योग्यच झाले. पण टॅकलच्या खात्यावर ना गुण जमा होतात, ना यार्ड. त्या विजेतेपदाचा वाटा वायताईलाही तितक्याच मोकळेपणाने द्यायला हवा, असे आमचे स्पष्ट मत आहे.