प्रवासातील पाने : निवडुंगाचे पिल्लू

भिलाईहून उत्तरेच्या यात्रेस निघालेल्या आमच्या बसमध्ये नऊ कुटुंबे होती. टपावर शिधा, आत अंथरुणे आणि मागच्या बाकाखाली स्टोव्ह व पातेली. बस थांबे तेथे आमचे स्वयंपाकघर मांडले जाई. अशा प्रवासात शेजारी पाहता पाहता सोयरे होतात. हरियाणातील पंचकुला येथे मनसादेवीचे दर्शन सकाळीच आटोपले, आणि उरलेला दिवस तेथील निवडुंगांच्या राष्ट्रीय उद्यानात घालवावा असे ठरले. काटे पाहण्यासाठी इतक्या दूर कशाला यावयाचे, असे एकदोघांनी बोलून दाखविले. परंतु आत शिरल्यावर तेच सर्वांच्या पुढे होते.

सात एकरांचे हे उद्यान १९८७ साली जे. एस. सरकारिया यांच्या कल्पनेतून आकारास आले. तेथे हिंडताना प्रथम आपल्या भाषेतील एक घोटाळा ध्यानात येतो. काटेरी, मांसल असे जे जे दिसेल त्याला आपण निवडुंग म्हणतो. वस्तुतः कुंपणाला लावतात तो त्रिधारी निवडुंग एरंडाच्या कुळातला. त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेल्यास घातक. खऱ्या निवडुंगाचे काटे लवेच्या बारीक गादीतून फुटतात, आणि एखादा अपवाद सोडल्यास ते सारे कुळ मूळचे अमेरिकेचे. आपला फड्या निवडुंगही तिकडचाच. त्यावर पोसणाऱ्या किड्यापासून लाल रंग काढावा म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनी सरकारने मद्रासकडे खटपट केली. १७९५ साली किडाही आणविला, पण तो हलक्या प्रतीचा निघाला. धंदा बुडाला, निवडुंग मात्र येथलाच होऊन राहिला.

काटा म्हणजे रूप पालटलेले पान. पाणी उडून जाऊ नये म्हणून हे झाड आपली रंध्रे दिवसा मिटून घेते व रात्री उघडते. या काटकसरीमुळे वाढ फार मंद. ॲरिझोनातील उंच निवडुंगाला पहिली फांदी फुटावयास पन्नास वर्षांहून अधिक काळ लागतो.

हे सारे मी सोबत्यांना मोठ्या उत्साहाने सांगत होतो. एका लहानशा गोल निवडुंगाच्या बुडाशी चार-पाच पिले फुटली होती. आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, “अहो, एवढंसं घेतलं तर काय बिघडतं? मनीप्लांटसुद्धा चोरून आणला तरच लागतो म्हणतात.” सर्व हसले. मीही हसलो, आणि रुमाल गुंडाळून एक पिल्लू अलगद मोडून घेतले.

बसपाशी आल्यावर माझ्या मुलीने हळूच विचारले, “बाबा, आपण विचारलं होतं का?”

मला उत्तर सुचले नाही. आपल्याकडे तुळस, मोगरा, शेवंती हातोहात घरोघर जातात, ही सुंदर रीत आहे. परंतु तेथे मागणारा असतो व देणाराही असतो. मी ज्याच्याकडून घेतले त्याला विचारलेच नव्हते. थोड्याच वेळापूर्वी मीच सांगत होतो की, सोनेरी काट्यांचा तो गोल निवडुंग आज कुंड्यांत सर्वत्र दिसत असला तरी मेक्सिकोतील त्याच्या मूळ दऱ्यांचा काही भाग धरणाखाली गेला, आणि उरल्यासुरल्यातून लोकांनी रोपे उपटून नेली. २०१५ सालच्या एका पाहणीनुसार निवडुंगाच्या जातींपैकी सुमारे ३१ टक्के संकटात आहेत. आणि त्याचे एक मोठे कारण हौशी लोकांचे हात.

काकू स्वतःहून उठल्या. “चला, मीही येते. बोलले तर मीच होते.”

माळी रागावला नाही. पिल्लू उलटसुलट पाहून तो म्हणाला, मोडलेले आता पुन्हा जोडता येणार नाही; आठ दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्यावी लागेल, मग वाळूत लावू. त्याने ते जपून बाजूला ठेवले. आम्ही खाली मान घालून परतलो.

वाटेत एका रोपवाटिकेतून काकूंनी छोटा निवडुंग विकत घेतला. भिलाईच्या उन्हात तो छान रुजला आहे. माती पूर्ण कोरडी झाल्यावाचून त्याला पाणी घालावयाचे नाही, एवढेच त्याचे पथ्य. परवा त्याला पहिले पिल्लू फुटलेले दिसले. माझ्या मुलीने ते काकूंकडे मागितले आहे. काकूंनी होकार दिला आहे; मात्र आणखी वर्षभर थांबावयास सांगितले आहे.