अंगठा कुठून बदलायचा?

‘इंटरनेटवर फसतो तो एक तर हावरट असतो, नाही तर बावळट.’ ज्येष्ठ नागरिकांच्या एका मेळाव्यात वक्त्या गृहस्थांनी हे वाक्य फेकलं आणि टाळ्या घेतल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ओटीपी सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, फुकटाच्या मागे लागू नका, एवढं पाळा, केसालाही धक्का लागणार नाही. ज्याला लागला त्याने काही तरी पाळलं नसणार, मग त्याचं त्याने निस्तरावं. हे ऐकायला येणाऱ्यांकडून भरून घेतलेल्या फॉर्मवर आधार क्रमांकाचा रकाना होता, ते जाऊ द्या.

हावेचं आधी उरकून टाकू. ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये अडकणाऱ्याला कुणी लॉटरी दाखवत नाही. व्हिडिओ कॉलवर खाकीतला माणूस येतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले म्हणतो, आणि जन्मात पोलीस चौकीची पायरी न चढलेला माणूस गारठतो. अशी अटक कायद्यात कुठेच नाही. पण यात हाव तरी कुठे आहे? आहे तो कायद्याचा धाक, आणि तो सद्गुण म्हणून आपणच घराघरांत शिकवला. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातल्या एका जुन्या सहकारी बँकेची यंत्रणा फोडून ९४ कोटी नेले, तेव्हा हावरट कोण होतं, हेही गृहस्थांनी एकदा सांगावं.

बावळटपणाचं मात्र सविस्तर बघायला हवं. आधारवर पैसे काढण्याची एक सोय आहे, एईपीएस. जिथे शाखा नाही तिथे बँकमित्र लहानसं यंत्र घेऊन बसतो. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा, एवढ्यावर रोकड हातात पडते. कार्ड नको, पिन नको, ओटीपी तर नकोच. खेड्यातल्या पेन्शनवाल्या आजीला हे वरदान आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. आता दुसरी बाजू. घर घ्या, जमीन घ्या, दुय्यम निबंधकाकडे जाऊन अंगठा उठवावाच लागतो, सोबत ओळखपत्राची प्रत जोडावी लागते. त्याशिवाय दस्त नोंदला जात नाही. कर्नाटकात २०२३ साली खात्यांतून परस्पर पैसे गेल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा माग काढत पोलीस नेमके इथेच पोचले: चोरांनी नोंदणीच्या संकेतस्थळावरून दस्त उतरवून घेतले होते आणि त्यावरच्या ठशांच्या नकला बनवल्या होत्या. तेलंगणात तर २०१८ मध्येच एका सिमकार्डवाल्याने असेच जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून लोकांच्या नावावर कार्डं चालू केली होती.

या खातेदारांनी कोणती लिंक उघडली होती? कुणाला ओटीपी सांगितला होता? त्यांनी घर घेतलं होतं. सरकारने मागितलं ते सरकारला दिलं होतं. गृहस्थांच्या हिशेबात बहुधा हाच बावळटपणा. पासवर्ड बदलता येतो, कार्ड बंद करता येतं; अंगठा कुठून बदलायचा? समोरचं बोट जिवंत माणसाचं की नक्कल, हे ओळखण्याची नवी तपासणी २०२३ मध्ये खुद्द आधारच्या यंत्रणेत घालावी लागली. बावळट लोक होते, मग दुरुस्ती यंत्रणेची का झाली?

आणि सावधगिरीचा उपदेश करणारे स्वतः किती ठाम असतात तेही पाहा. मे २०२२ मध्ये आधारच्याच एका कार्यालयाने सांगितलं, आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका. गहजब झाला आणि दोन दिवसांत पत्रक मागे. बदल्यात काय मिळालं? नेहमीची खबरदारी घ्या, हा सल्ला.

आमच्या सोसायटीत हा वाद जुना आहे. गेटवरच्या वहीत येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, नंबर, कुणाकडे आला हे उघड्यावर पडलेलं असतं; घरकाम करणाऱ्या बायकांच्या आधारच्या प्रती ऑफिसातल्या बिनकुलपाच्या रॅकमध्ये. मी विचारलं तर पदाधिकारी म्हणाले, ‘लपवण्यासारखं असतं काय?’ पुढे थकबाकीदारांची यादी नोटीस बोर्डावर लागली, तीत त्यांचंही नाव होतं. त्या सभेत ते खासगीपणाच्या हक्कावर अर्धा तास बोलले. नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं होतं, त्यांनासुद्धा एवढा उमाळा आला नसेल.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी केलेल्या २०२३ च्या कायद्यात माहिती सांभाळण्यात कसूर करणाऱ्याला २५० कोटींपर्यंत दंड आहे. तो सरकारी तिजोरीत जातो. ज्याची माहिती फुटली त्याच्या पदरात त्यातली दमडी नाही. उलट त्याचीही कर्तव्यं कायद्याने लिहून ठेवली आहेत, चुकला तर त्याला दहा हजारांपर्यंत दंड.

माझं म्हणणं फार मोठं नाही. माहिती मागणाऱ्याने कशाला हवी आणि किती दिवस ठेवणार हे आधी सांगावं, आणि गरज नसेल तर मागूच नये. लॉजवर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्यावं. एमआधार ॲपमधून बोटांचे ठसे लॉक करावेत. पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० ला फोन करावा. आणि इथेच त्या टाळ्या महागात पडतात. बावळट ठरायच्या भीतीने माणूस घरातसुद्धा बोलत नाही, तोवर रक्कम चार खाती फिरून गेलेली असते. रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक सांगतं की चूक ना बँकेची ना खातेदाराची असेल, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवणाऱ्याला एक पैशाचीही तोशीस नाही. चौथ्या दिवसापासून त्याचा वाटा सुरू होतो.